तीन मोटांचं पाणी: थ्री फेजबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या वडिलांचे यंत्रमाग आहेत, मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. कारखान्यात थ्री फेज आणि घरात सिंगल फेज, असं का? विचारलं की सगळे म्हणतात "जास्त पॉवर लागते म्हणून". पण जास्त पॉवरच पाहिजे तर जाड वायर टाकून सिंगल फेजच का नाही देत? आणि तीनच का, सहा किंवा बारा फेज का नाहीत?
एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर: तुझा प्रश्न मनापासून आवडला, कारण "जास्त पॉवर" हे उत्तर मलाही शिकताना मिळालं होतं आणि ते अर्धंच आहे. जाड वायर टाकून सिंगल फेजवर मोठी पॉवर नेता येते, रेल्वे तेच करते (त्याबद्दल खाली एक प्रश्न आलाच आहे). खरी गोष्ट ही आहे की सिंगल फेजची पॉवर सलग नसते, ती ठोके देत येते.

घरात कुणी मोट बघितलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचार. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येते, थारोळ्यात भसकन पाणी पडतं, पाट भरून वाहतो, मग बैल मागं सरतात, मोट परत विहिरीत जाते आणि तोपर्यंत पाटातलं पाणी ओसरलेलं असतं. सिंगल फेज अगदी तशी. आपल्याकडं ५० सायकलची वीज आहे, एका सायकलमधे व्होल्टेज एकदा वर जातं, एकदा उलट्या बाजूला जातं आणि प्रत्येक वेळी मधे शून्याला टेकतं, म्हणजे सेकंदाला १०० वेळा पाट कोरडा पडतो. बल्बला किंवा गिझरला काही फरक पडत नाही कारण तापलेली तार एवढ्याशा वेळात थंड होत नाही, पण मोटरच्या शाफ्टला प्रत्येक ठोका लागतो, मिक्सरला चालून जातं, ५०० एचपीच्या मोटरला सेकंदाला १०० हिसके म्हणजे तिचं बेअरिंग, कपलिंग, फाउंडेशन सगळ्यालाच त्रास.

आता त्याच विहिरीवर तीन मोटा लाव आणि अशा हाक की एकीचं पाणी ओसरायला लागलं की दुसरीचं पडतंय, दुसरीचं ओसरलं की तिसरीचं. थ्री फेज म्हणजे एवढंच, तीन सारख्याच लाटा, फक्त एकीमागं एक सायकलच्या तिसऱ्या हिश्श्याने निघालेल्या, आपल्या ५० सायकलला ते अंतर साधारण ६.७ मिलिसेकंद येतं. आणि इथं वीज मोटेच्याही पुढं जाते, कारण तीन मोटांचं पाणी थोडं तरी कमीजास्त होईल पण तीन फेजच्या पॉवरची बेरीज कधी हलतच नाही. वहीत करून बघ. लाटेचं टोक १ धर. एक फेज टोकाला असते तेव्हा बाकीच्या दोन उणे अर्ध्यावर असतात. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणून १ अधिक पाव अधिक पाव, झाले दीड. आता दुसरा क्षण घे, एक फेज शून्यावर आहे, बाकीच्या दोन ०.८६६ वर, एक अधिक आणि एक उणे, वर्ग केला तर पाऊण आणि पाऊण, परत दीडच. कुठलाही क्षण घे, दीडच येणार. हे मी पहिल्यांदा स्वतः कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा चार-पाच वेगवेगळे कोन टाकून बघितले होते कारण विश्वासच बसत नव्हता.

ह्याच आकड्यांत दुसरी गोष्ट लपली आहे. वर्ग न करता नुसती बेरीज कर, १ वजा अर्धा वजा अर्धा, शून्य. म्हणजे तीन वेगळी सिंगल फेज सर्किटं टाकली असती तर जायच्या तीन आणि परत यायच्या तीन अशा सहा वायरी लागल्या असत्या, पण लोड सारखा असेल तर परतीच्या तिन्ही वायरींतल्या करंटची बेरीज शून्य होते, मग त्या टाकायच्याच कशाला? सहाच्या जागी तीन वायरी. हिशोब नीट मांडला, म्हणजे वायरींमधलं व्होल्टेज तेच, पॉवर तीच, तारांत वाया जाणारी वीजही तेवढीच धरली, तर सिंगल फेजच्या दोन वायरींना जेवढं तांबं लागतं त्याच्या ७५ टक्क्यांत थ्री फेजचं काम होतं. शेकडो किलोमीटरच्या लाईनीत हा चौथा हिस्सा म्हणजे केवढा पैसा. पुढच्या वेळी हायवेने जाताना टॉवरवरच्या तारा मोज, बहुतेक तीन किंवा सहा अशा तिनाच्या पाढ्यातच असतील (जाड लाईनला एकेका जागी दोन-चार तारांचा जुडगा असतो, तो एकच धरायचा), आणि सगळ्यात वर जी बारीक तार दिसते ती विजेची नाही, आकाशातली वीज अंगावर घ्यायला लावलेली अर्थची तार आहे.

पण कारखानदारांनी थ्री फेज उचलली ती मोटरमुळे, आणि मला विचारशील तर हाच ह्यातला सगळ्यात सुंदर भाग. मोटरच्या बाहेरच्या गोलात तीन फेजच्या कॉइल तीन बाजूंना बसवल्या की आधी एका कॉइलचं चुंबक जोरात येतं, मग शेजारच्या, मग तिसऱ्या, म्हणजे आत काहीही हलत नसताना चुंबकक्षेत्र मात्र गोल फिरायला लागतं. मधे नुसता ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा ठेवायचा, त्याला एकही वायर जोडायची नाही, ते फिरतं क्षेत्र पिंजऱ्यात करंट तयार करतं आणि त्याला मागं ओढत नेतं. ना ब्रश, ना कम्युटेटर (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे भाग), ना ठिणगी, आणि कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत ठिणगी नसणं म्हणजे काय हे मागवाल्याच्या मुलाला मी सांगायला नको. घरी मोटरची प्लेट वाच, १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे) असं काहीतरी लिहिलेलं असेल, चार पोलच्या मोटरमधे क्षेत्र १५०० ने फिरतं आणि पिंजरा जरा मागं राहतो म्हणून १४४०. तो मागं राहिला नाही तर त्याच्यात करंटच तयार होणार नाही.

सिंगल फेजला हे फिरतं क्षेत्र जमत नाही, तिचं क्षेत्र जागच्या जागी फुगतं आणि उलटतं. त्यामुळे सिंगल फेज मोटरला सुरू व्हायला कायम कुणाचा तरी आधार लागतो, पंख्यात तो आधार म्हणजे कंडेन्सर, तो एका कॉइलचा करंट पुढं सरकवून खोटी दुसरी फेज तयार करतो. कंडेन्सर गेलेला पंखा नुसता घूं करत बसतो आणि काडीने ढकलला की फिरायला लागतो, हे घराघरात बघायला मिळतं.

फिरत्या क्षेत्राची कल्पना इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला ह्यांनी १८८० च्या दशकात वेगवेगळी शोधली, ती दोन फेजची होती. तीन फेजची पिंजऱ्याची मोटर १८८९ मधे दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्कीने जर्मनीत करून दाखवली, आणि दोनच वर्षांनी १८९१ मधे फ्रँकफर्टच्या प्रदर्शनासाठी नेकर नदीवरच्या लाउफेनहून १७५ किलोमीटर लांब थ्री फेज वीज आणली. तिच्यावर हजार दिवे लावले आणि मोटरने पंप चालवून प्रदर्शनात एक धबधबा पाडला, नदीच्या पाण्यावर तयार झालेल्या विजेने दूर कुठंतरी परत पाणी वर चढवलं. तेव्हापासून पाण्याची ताकद वापरायची तर कारखाना नदीकाठीच पाहिजे ही अट सुटली. आपल्याकडं १९१५ मधे टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि घाटावर साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालायला लागल्या, त्याच्या आधी गिरणीत कोळसा जाळून एक मोठं वाफेचं इंजिन आणि तिथून छताखालच्या शाफ्टवर पट्ट्यांचं जाळं असायचं, एक पट्टा तुटला तर सगळी रांग थांबायची. आज तुझ्या वडिलांच्या प्रत्येक मागाला स्वतःची छोटी मोटर आहे, ती त्याच पिंजऱ्याची.

राहिलं तीनच का. दोन फेजनेही पॉवर सलग मिळते आणि क्षेत्रही फिरतं, नायगाऱ्याचं १८९५ चं वीजघर दोन फेजचंच होतं. पण दोन फेजला चार वायरी लागतात, नाहीतर तीन टाकून मधली ४१ टक्के जास्त करंट सोसेल अशी जाड करावी लागते. म्हणून १८९६ मधे तिथली वीज बफेलो शहराला न्यायची वेळ आली तेव्हा ट्रान्सफॉर्मरने ती थ्री फेज करून नेली. म्हणजे पॉवर सलगही पाहिजे आणि वायरीही कमीत कमी पाहिजेत तर आकडा तीनवर येऊन थांबतो, सहा-बारा फेज केल्या तरी सलग गोष्ट आणखी सलग होत नाही, वायरी मात्र वाढतात. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, तिथं पाणी जास्त पाहिजे तर मोटा वाढवाव्या लागायच्या, विजेत तसं नाही, पॉवर जास्त पाहिजे तर त्याच तीन फेजचं व्होल्टेज वाढवायचं. कोयनेचे १९६० मेगावॉट असोत नाहीतर तुझ्या शेडमधला १ एचपीचा माग, फेज तीनच.

आणि घरात एकच फेज का, तर घरात एवढं ओढणारं काही नसतं, आणि गल्लीत थ्री फेज आलेलीच असते, फक्त एक घर एका फेजवर, शेजारचं दुसरीवर असं वाटून देतात. म्हणूनच कधी कधी तुमच्याकडं लाईट जाते आणि समोरच्यांच्या घरात टीव्ही चालू असतो.

प्रश्न: माझ्या विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे. ह्या वर्षात दोनदा जळाली. रिवायंडिंगवाला म्हणतो सिंगल फेजिंग झालं. एक फेज गेली तर मोटर बंद पडायला पाहिजे, जळते कशी? आणि काहीजण म्हणतात कंडेन्सर लावून दोन फेजवर चालव, ते बरोबर आहे का?
एक शेतकरी, संगमनेर तालुका

उत्तर: दादा, दोनदा जळाली म्हणजे रिवायंडिंगचा खर्च तर गेलाच, आणि मोटर दुकानात असताना पिकाचं पाणी चुकलं ते वेगळंच. थ्री फेजचा हा एकच मोठा अवगुण आहे आणि तो शेतकऱ्याच्याच वाट्याला जास्त येतो, कारण डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) एक फ्यूज उडाला किंवा फांदीने एक तार पडली की तीनातली एक फेज जाते.

मोटर फिरत असताना एक फेज गेली तर ती थांबत नाही, आधीच्या वेगाच्या जोरावर फिरत राहते. पंपाला तर तेवढंच पाणी ओढायचंय, मग तिघांचं काम दोन वायरींवर येतं आणि त्यांच्यातला करंट साधारण पावणेदोन ते दुप्पट होतो. ५ एचपीची मोटर नेहमी ७ ते ८ अँपिअर घेते, ती १३-१४ घ्यायला लागते, लांबून बघणाऱ्याला पाणी पडताना दिसतं आणि आत वायंडिंगचं वॉर्निश भाजत असतं. आणि मोटर बंद असताना फेज गेलेली असेल आणि तशात स्टार्टर दाबला तर त्याहून वाईट, उरलेल्या दोन वायरी मिळून सिंगल फेजच होते, तिचं क्षेत्र फिरतच नाही, मोटर जागेवर घूं घूं करते आणि नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, मग काही मिनिटांचाच खेळ. रात्री ऑटोवर टाकून आपण झोपतो तेव्हा नेमकं हेच होतं.

रिवायंडिंगवाले खोटं सांगतात अशी शंका येते, म्हणून एक खूण सांगतो, मोटर उघडली की स्वतः बघा. तीन गटांतल्या दोन गटांच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्या अगदी नव्यासारख्या असतील, किंवा एकच गट काळा आणि दोन चांगले असतील, तर ते सिंगल फेजिंगच, पहिली खूण स्टारमधे जोडलेल्या मोटरची आणि दुसरी डेल्टामधल्या मोटरची (स्टार आणि डेल्टा म्हणजे तीन गटांच्या कॉइल एकमेकींना जोडायच्या दोन पद्धती). तिन्ही गट सारखेच काळे असतील तर कारण वेगळं आहे, मोटरवर लोड जास्त आलाय, व्होल्टेज कमी मिळतंय, नाहीतर पंप जाम झालाय.

उपाय म्हणजे स्टार्टरबरोबर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा, एक फेज गेली किंवा फेजमधे जास्त फरक पडला की तो मोटर तोडतो. आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर तोडतो तो) मोटरच्या प्लेटवर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्यावरच सेट करा, सारखा ट्रिप होतो म्हणून तो वर सरकवून ठेवलेला मी किती ठिकाणी बघितलाय, म्हणजे राखणदाराला आपणच झोपायला लावल्यासारखं आहे.

कंडेन्सरचं म्हणाल तर ती युक्ती खोटी नाही, पंख्यातल्यासारखीच खोटी तिसरी फेज तयार होते आणि मोटर फिरते. पण कंडेन्सर एका ठराविक लोडलाच बरोबर बसतो, विहिरीतलं पाणी खाली-वर झालं की तिन्ही कॉइलमधला करंट कमीजास्त होतो, मोटर तापते, ताकद कमी पडते, आणि एकाच डीपीवर सगळ्यांनी तसं केलं की उरलेल्या फेजवर लोड येऊन डीपीच जळते, मग अख्ख्या शिवाराचं पाणी बंद. एखाद्या वेळी हातातोंडाशी आलेलं पीक वाळतंय म्हणून कुणी केलं तर मी त्याला दोष देणार नाही, पण रोजचं करू नका.

एक हात जोडून सांगतो, फेज गेली म्हणून स्वतः डीपीवर फ्यूज टाकायला जाऊ नका. खांबावर ११ हजार व्होल्टची बाजू अगदी शेजारी असते, आणि आपण बंद केलेली लाईन दुसऱ्या बाजूने कुणी चालू करेल ह्याचा भरवसा नसतो. वायरमनची वाट बघायला लागली तर बघा.

जाता जाता, डीपी बदलली किंवा केबल नव्याने जोडली आणि मोटर चालू असून पाणी कमी पडायला लागलं तर आधी मोटर उलटी फिरतेय का बघा. तीनातल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की क्षेत्र उलटं फिरतं. मेन स्विच बंद करून वायरमनकडून दोन वायरी बदलून घेतल्या की झालं, पंप खोलायची गरज नाही.

प्रश्न: लोकलच्या डोक्यावर एकच तार असते. एवढी जड गाडी सिंगल फेजवर कशी चालते मग?
एक प्रवासी, डोंबिवली

उत्तर: तार एकच आणि परतीचा रस्ता रुळातून, म्हणजे खरंच सिंगल फेज, २५ हजार व्होल्ट. (मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, एसी खूप नंतर आली.) धावत्या गाडीवर तीन फेज घ्यायच्या तर रूळ एक फेज धरला तरी वर दोन तारा पाहिजेत. इटलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा रेल्वे खरंच होत्या, पण क्रॉसिंगच्या जागी दोन तारा एकमेकींना लागू न देता नेणं फार किचकट. म्हणून आता गाडी वरून सिंगल फेज घेते आणि स्वतःच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्सने तिची थ्री फेज बनवते, नव्या लोकलच्या मोटरी मागवाल्यांच्या असतात तशाच पिंजऱ्याच्या आहेत, फक्त कितीतरी मोठ्या. फिरतं क्षेत्र किती वेगाने फिरवायचं हे ते इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, म्हणून गाडी धक्का न देता सुटते, आणि तिचा सुटतानाचा तो चढत जाणारा गाण्यासारखा आवाजही तिथूनच येतो. सगळा लोड ग्रिडच्या एकाच बाजूला पडू नये म्हणून मार्गाचे तुकडे वेगवेगळ्या फेजवर जोडलेले असतात, दोन तुकड्यांच्या मधे थोडीशी तार बिनविजेची ठेवतात, त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात.

प्रश्न: घरगुती थ्री फेज मीटर घेतलं तर बिल कमी येतं का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. युनिट ते युनिट, तीन फेजवर वाटलं म्हणून कमी होत नाही, उलट थ्री फेज कनेक्शनचा स्थिर आकार जास्त असतो. घरात दोन-तीन एसी, लिफ्ट किंवा गाडीचं मोठं चार्जर असेल तरच घ्या.

प्रश्न: माझ्याकडं १ एचपीची घरघंटी आहे, दळण वाढलंय. बचतगटातून कर्ज काढून साडेसात एचपीची जुनी गिरणी घेतेय, मोटर थ्री फेज आहे. दुकानदार म्हणतो थ्री फेज कनेक्शनचा खटाटोप नको, कन्व्हर्टर लावा, घरच्या लाईटवर चालेल. घेऊ का?
एक ताई, बार्शी

उत्तर: ताई, घेऊ नका. दुकानदार ज्याला कन्व्हर्टर म्हणतोय तो बहुतेक व्हीएफडी ड्राइव्ह असणार, आणि तो लोकलमधे जे होतं तेच लहान प्रमाणात करतो, त्यामुळे वस्तू खोटी नाही, पण तुमच्या कामाची नाही. साडेसात एचपी पूर्ण लोडवर चालली तर थ्री फेजवर एका वायरीत साधारण ११ अँपिअर जातात. तीच पॉवर घरच्या २३० व्होल्टवरून ओढायची म्हटली तर २७-२८ च्या पुढंच जाणार, ड्राइव्ह करंट झटक्याझटक्याने ओढतो म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त. घराचं वायरिंग तेवढ्यासाठी केलेलं नसतं, ते तापणार.

दुसरी अडचण दुकानदार सांगणार नाही. साधा ड्राइव्ह आत २३० व्होल्ट घेतो तेव्हा बाहेरही जास्तीत जास्त २३० व्होल्टचीच थ्री फेज देतो. साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमधे जोडलेल्या असतात, त्या डेल्टामधे बदलून घेतल्या की २३० वर पूर्ण ताकदीने चालतात. साडेसात एचपीची मोटर आधीच ४१५ व्होल्ट डेल्टा असते, तिला खाली उतरायला जागाच नाही, २३० वर ती दळणाच्या भाराखाली दबेल आणि तापेल. मोटरच्या प्लेटवर व्होल्ट आणि त्याच्यापुढं डेल्टाची त्रिकोणी किंवा स्टारची खूण असते, गिरणी बघायला जाल तेव्हा प्लेटचा फोटो काढून आणा.

गिरणी चांगली असेल तर जरूर घ्या, पण कर्जाच्या हिशोबात थ्री फेज कनेक्शनचा खर्च, स्टार-डेल्टा स्टार्टर आणि वर शेतकरी दादांना सांगितला तो प्रिव्हेंटर, तिन्ही आधीच धरा. आणि कनेक्शन मिळेपर्यंत घरघंटी विकू नका, अर्ज केल्यापासून मीटर लागेपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडं जातं.